स्वादुपिंडाचा स्कॅन : यंत्राने काय पाहावे

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लगटून आडवे पसरलेले असते. हाताला ते लागत नाही आणि सोनोग्राफीत आतड्यातील वायू आड येतो. त्यातील कर्करोग सुरुवातीला फारसा दुखत-खुपत नाही. गाठ शीर्षभागात असेल तर पित्तनलिका दाबून कावीळ होते व रोगी दवाखान्यात पोचतो. शेपटाकडची गाठ बहुधा पसरल्यावरच कळते. म्हणूनच अमेरिकेतही निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्केच आहे.

ही गाठ लवकर ओळखण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर बेतलेल्या ‘पांडा’ या चिनी प्रणालीचा अभ्यास २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. कॉन्ट्रास्ट न देता काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये गाठ आणि भोवतालचे स्वादुपिंड जवळजवळ एकाच करड्या छटेचे दिसतात. संशोधकांनी त्याच रुग्णांच्या कॉन्ट्रास्ट स्कॅनवर गाठींच्या कडा आखल्या, त्या साध्या स्कॅनवर उतरवल्या आणि ३,२०८ रुग्णांच्या प्रतिमांवर यंत्राला शिकवले. पुढे २०,५३० रुग्णांवरील पडताळणीत यंत्राने विकृती असलेल्यांपैकी ९२.९ टक्के ओळखले आणि नसलेल्यांपैकी ९९.९ टक्क्यांना निर्दोष ठरवले. या आकड्यांवरून निघणारी दोन अनुमाने आणि त्यांना होणारा एक विरोध, तिन्ही तपासण्याजोगे आहेत.

पहिले अनुमान असे, की यंत्र इतके अचूक असेल तर शिबिरे भरवून सरसकट सर्वांचे स्कॅन करावेत. हिशेब मांडला की ते कोसळते. नाशिक शहरातील एक लाख निरोगी दिसणाऱ्या प्रौढांमध्ये २० जणांना हा रोग आहे असे धरू. यंत्र त्यांपैकी १८-१९ पकडेल. पण उरलेल्या ९९,९८० मधल्या सुमारे शंभरांनाही खोटा इशारा देईल. म्हणजे सहा इशाऱ्यांतले पाच खोटे, आणि तेही उत्तमोत्तम अचूकता गृहीत धरून. निरोगींना निर्दोष ठरवण्याची अचूकता ९५ टक्क्यांवर आली तर खोटे इशारे पाच हजारांच्या घरात जातात. प्रत्येक इशाऱ्यामागे पुन्हा स्कॅन, एंडोस्कोपी, कधी सुईने तुकडा काढणे आणि घरभर धास्ती. लक्षणे नसलेल्या प्रौढांची अशी सरसकट तपासणी करू नये, हा अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१९ मध्ये कायम ठेवलेला सल्ला याच कारणाने रास्त आहे.

दुसरे अनुमान : परदेशात सिद्ध झालेले यंत्र इथेही तसेच चालेल. याला २०२३ मधलेच एक उत्तर आहे. डेन्मार्कमधील सुमारे साठ लाख लोकांच्या आजारनोंदींवर एक भाकीतप्रणाली घडवली गेली. रोग होणारे आणि न होणारे वेगळे काढण्याचा तिचा निर्देशांक मायदेशी ०.८८ होता, अमेरिकी माजी सैनिकांच्या नोंदींवर तो ०.७१ वर घसरला. ती प्रणाली स्कॅनची नव्हे, नोंदींची; पण धडा तोच. भारतात, विशेषतः दक्षिणेत, तरुण वयात होणारा, खडे धरण्याचा व नलिका फुगण्याचा दीर्घकालीन स्वादुपिंडदाह आढळतो. त्याची आणि गाठीची चित्रे एकमेकांशी मिळतीजुळती असू शकतात. असे स्कॅन पुरेसे न पाहिलेले यंत्र इथे चकेल.

विरोधक दुसऱ्या टोकाला जातात : रोग विरळ आहे, रेडिओलॉजिस्ट आहेत, मग यंत्र कशाला? विरळपणा हाच इथे यंत्राच्या बाजूचा मुद्दा आहे. मुतखड्यासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये डॉक्टरांची नजर खडा शोधते. स्वादुपिंड त्याच चौकटीत असते, पण क्वचितच आढळणारी बारीक खूण घाईत निसटते. ‘पांडा’च्या चाचणीत साध्या स्कॅनवर कर्करोग ओळखण्यात यंत्राची पकड डॉक्टरांच्या सरासरीपेक्षा ३४.१ टक्के अधिक होती. यातून डॉक्टर कमी ठरत नाहीत. न कंटाळणारा दुसरा वाचक कुठे लागतो ते कळते.

तेव्हा यंत्राची योग्य जागा तीन अटींनी ठरते. पहिली : नवे स्कॅन वाढवू नयेत, अन्य कारणांनी आधीच निघालेले स्कॅन यंत्राने वाचावेत. मुद्दाम तपासायचेच तर जोखमीचा गट निवडावा. मिनेसोटातील एका अभ्यासात पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या हजारांपैकी सुमारे आठ जणांना तीन वर्षांत हा कर्करोग आढळला. त्यांतल्या निम्म्यांचीच गाठ स्कॅनवर दिसत असली, तरी ९९.९ टक्क्यांच्या त्याच अचूकतेला खरे इशारे खोट्यांहून अधिक ठरतात. दुसरी : स्थानिक पडताळणी. नाशिकमधील म्हसरूळचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून राज्यभरातील वैद्यकीय महाविद्यालयांना जोडते. त्यांच्या रुग्णालयांतले, ओळख पुसलेले आणि अंतिम निदान ठाऊक असलेले स्कॅन एकत्र करून यंत्राची परीक्षा घेण्यास याहून सोयीची संस्था नाही. १ एप्रिल २०२० पासून निदानाचे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरण म्हणून कायद्याच्या कक्षेत आले असल्याने ही परीक्षा हौसेची बाब उरलेली नाही.

तिसरी अट इशाऱ्यानंतरची आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याच्या रुग्णाच्या स्कॅनवर यंत्राने खूण केली, पण ती तपासणारा रेडिओलॉजिस्ट, पुढची एंडोस्कोपी आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळाली नाही, तर लवकर कळण्याने आयुष्य वाढत नाही. आजारी असल्याचे कळून काढायचे दिवस तेवढे वाढतात. ही साखळी जिथे पूर्ण आहे तिथेच यंत्र बसवावे.