बरणींतला पाहुणा

मृगाच्या सरी कोसळल्या आणि आमच्या धाकट्या पुतण्यानें जालन्याच्या मोती तलावाकांठून एक पिंवळाधमक बेडूक काचेच्या बरणींत घालून आणला. त्याच्यापुढें भाताचीं शितें ठेवून झालीं, दूधपोळीचा काला झाला. स्वारी ढुंकूनहि पाहीना. "काकू, हा उपास कां करतो?" पुतण्या रडकुंडीस आला.

भगिनींनो, तो उपास नव्हता. बेडकाचें लक्ष हालत्या वस्तूकडेच जातें. निश्चल अन्न त्याच्या लेखीं अन्नच नव्हे. नाकतोडा, किडा, गांडूळ समोर वळवळलें म्हणजेच त्याची चिकट जीभ बाहेर पडते. घांस गिळतांना तो डोळे आंत ओढतो व त्यांच्या दाबानें घांस पुढें सरकतो. पाणी तर तो तोंडानें पीतच नाहीं, कातडीनें शोषतो.

मुलांनीं दोन दिवस अंगणांत नाकतोडे धरले. तिसऱ्या दिवशीं शाळा उघडली, आणि पाहुण्याच्या पानाची पंचाईत पडली! तेव्हां मीं मुलांना सांगितलें, कीं बेडकांच्या तंगड्या परदेशीं धाडण्याचा व्यापार सरकारनें १९८७ सालीं बंद केला, तो शेतांतील कीड खाणारा हा सोबती वांचावा म्हणून. शिवाय नराचा पिंवळा रंग विणीच्या हंगामापुरताच. ते मोजके दिवस त्यानें बरणींत कां काढावे?

सायंकाळीं त्यास तलावाकांठीं सोडून आलों. वाटेंत पुतण्या मुका होता. इतक्यांत मागून "डरांव, डरांव" ऐकूं आलें.

"काकू, त्याचें जेवण झालें वाटतें!" तो म्हणाला.