रूळ विकत घेण्याआधी



एका वाचक भगिनींचे पत्र या वेळी उत्तरासाठी घेतले आहे. त्यांचे चिरंजीव दहावीची परीक्षा देऊन मोकळे झाले आहेत आणि सुट्टीत त्यांना घरी छोट्या रेल्वेची मांडणी उभारायची आहे. रूळ, सांधे, पूल, स्थानक, सारे काही. मुलाचे म्हणणे असे, की आधी संगणकावर आराखडा काढू आणि त्यासाठी एखादे सॉफ्टवेअर घेऊ. वडिलांचे म्हणणे असे, की खेळण्याला आराखडा कशाला, रूळ आणावेत आणि जोडून पाहावेत. भगिनींनी निवाडा माझ्यावर सोपवला आहे.

मी मुलाच्या बाजूचा आहे, आणि तसा होण्यासाठी मला किंमत मोजावी लागली आहे.

पुण्यात कोथरूड भागात जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. ते पाहून आल्यापासून आमच्या नातवाला दुसरे काही सुचेना. त्याच्या वाढदिवसाला मी मोठ्या हौसेने इंग्लंडच्या बनावटीचे रूळ मागवले. ते ४३८ मिमी त्रिज्येच्या वळणाचे होते. घरी ३ फूट रुंदीचे जुने टेबल होते. वर्तुळाचा व्यास ८७६ मिमी, टेबल ९१४ मिमी. मनातल्या मनात हिशेब केला, बसते. आणि रूळ बसलेही! स्लीपरच्या कडेपासून टेबलाच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना जेमतेम ४ मिमी उरले. मात्र डबा रुळापेक्षा रुंद असतो, आणि वळणावर तो आणखी बाहेर झुकतो, हे ध्यानात आले नव्हते. पहिल्याच फेरीत इंजिन टेबलाच्या कडेबाहेर डोकावत गेले आणि तिसऱ्या फेरीत शेवटचा डबा फरशीवर पडला. चाळीस वर्षे कापड मोजून विकले. कात्री लागलेला कपडा ताग्यात परत जात नाही हे प्रत्येक नव्या नोकराला मीच शिकवले. आणि रूळ मात्र मी न मोजता आणले होते.

त्यानंतर आम्ही आजोबा-नातू संगणकासमोर बसलो. त्या बैठकांतून जे समजले ते लिहितो.

सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी रूळ विकणाऱ्याला विचारावे: कोणत्या बनावटीचे रूळ तुमच्याकडे नेहमी मिळतात? आपल्याकडे हा माल बहुतांशी परदेशातून येतो. मागितलेला सांधा वेळेवर मिळेलच असे नाही. आराखड्याची प्रणाली म्हणजे मुळात नमुन्यांचे कपाट असते. पेको, हॉर्नबी, काटो, मार्कलिन, ॲटलस अशा उत्पादकांचा प्रत्येक तुकडा त्यात खऱ्या मापाने ठेवलेला असतो, आणि आपण तो पडद्यावर जोडत जातो. ज्या बनावटीचा माल आपल्याला मिळणार आहे तिचे कपाट ज्या प्रणालीत पूर्ण आहे, ती आपल्या कामाची. चित्र किती सुंदर दिसते हा प्रश्न फार नंतरचा. एकाच उत्पादकाच्या दोन मालिकाही सहज जुळत नाहीत. पेकोच्या 'कोड १००' रुळाची उंची २.५४ मिमी, तर 'कोड ७५'ची १.९ मिमी. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

माप ठरवण्याचे कामही याच वेळी उरकावे. १:८७ या प्रमाणाला एचओ म्हणतात. त्याचा रूळ १६.५ मिमी रुंदीचा. इंग्लंडचे ओओ हे प्रमाण थोडे मोठे, पण रूळ तोच. मुंबईच्या सदनिकेत राहणाऱ्यांनी एन, म्हणजे १:१६० प्रमाण आणि ९ मिमी रूळ, यांचा विचार करावा. काटोचे एन मापाचे रूळ खडीच्या तळासकट येतात, चटकन जोडता-सोडता येतात, आणि त्यांचे २४९ मिमी त्रिज्येचे वळण साध्या टेबलावर सुखाने फिरते. रात्री उचलून पेटीत ठेवायचे असेल तर याहून सोयीचे काही नाही. (आपल्या भारतीय गाडीचा रूळ १६७६ मिमी रुंदीचा, १:८७ मध्ये तो १९ मिमीच्या वर जायला हवा. तरीही भारतीय इंजिनांच्या प्रतिकृती १६.५ मिमीवरच धावतात. नातवाला हे सांगितल्यावर तो दोन दिवस खट्टू होता.)

आता प्रणालींविषयी. आम्ही तीन वापरून पाहिल्या. एनीरेल ही विंडोजवर चालणारी प्रणाली सर्वांत सोपी. तुकडा ओढावा, दुसऱ्याजवळ न्यावा, तो आपोआप जुळतो. आमच्या नातवाने पहिल्याच संध्याकाळी आराखडा रचला. परंतु विनामूल्य प्रतीत ५० तुकड्यांची मर्यादा आहे आणि त्याचा आराखडा ६३ तुकड्यांचा झाला होता.

येथे जे घडले ते सांगावे की नाही, असा विचार मी बराच केला. नातू म्हणाला, "आजोबा, माझ्या मित्राकडे याची कुलूप तोडलेली प्रत आहे. पैसे द्यावे लागत नाहीत."

मी म्हणालो, "अरे, ती चोरीची झाली."

तो अगदी निरागसपणे म्हणाला, "मग आपल्या दुकानातली हिशेबाची? ती पण तशीच आहे ना? पप्पांनीच सांगितलं होतं."

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे अतिचार सांगताना 'तदाहृतादान' हा शब्द येतो; चोरून आणलेला माल आपण स्वीकारणे. त्याच ओळीत खोट्या मापाचाही दोष आहे. खोटा गज आमच्या दुकानात तीन पिढ्यांत कोणी हाती धरला नाही, याचा मला अभिमान होता. पाठशाळेत मुलांना हे अतिचार मी स्वतः शिकवले आहेत. पण संगणकातील प्रत हा 'माल' आहे असे माझ्या मनात कधी आलेच नव्हते. ती डोळ्यांना दिसत नाही, तिच्यासाठी कोणाच्या कपाटातून काही कमी होत नाही, असे काहीसे समाधान मी करून घेतले असावे. त्या संध्याकाळी मी नातवाला उत्तर दिले नाही. जेवण झाल्यावर मुलाला बोलावले. आठवड्याभरात दुकानातील हिशेबाच्या प्रणालीचा रीतसर परवाना घेतला, आणि मग रेल्वेचा विषय पुन्हा काढला. एनीरेलचा परवाना घ्यायला माझी ना नव्हती. एकदाच पैसे भरायचे असतात आणि ज्याला तिची सोय आवडेल त्याने तो अवश्य घ्यावा. पण तोवर नातवानेच दुसरा मार्ग शोधला होता.

स्कार्म ही दुसरी प्रणाली. बल्गेरियातील एका छांदिष्टाने ती तयार केली. तीही विंडोजवर चालते. परवाना न घेता तीत १०० तुकड्यांपर्यंत काम करता येते, आणि काढलेली मांडणी उभ्या त्रिमितीय चित्रात फिरवून पाहता येते. या शंभराच्या मर्यादेचा एक अनपेक्षित लाभ झाला. नातवाचा आराखडा वाढत वाढत गिरणीची सायडिंग, मालधक्का, इंजिनशेड असे करत ११८ तुकड्यांवर गेला होता. प्रणालीने दार बंद केल्यावर तो एकेक सायडिंग काढू लागला आणि ७४ वर येऊन थांबला. परिग्रह-परिमाणाचा एवढा उत्तम शिक्षक मला तरी झाला नसता. शिवाय प्रत्येक सांधा म्हणजे पैसे, आणि बिघडण्याची एक जागा.

तिसरी एक्सट्रॅककॅड. ती पूर्णतः मुक्त आहे. तुकड्यांची मर्यादा नाही, पैसे नाहीत, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. आराखड्याची फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात जतन होते. म्हणजे उद्या प्रणाली बंद पडली तरी आपले काम कुलपात अडकत नाही. व्यापाऱ्याला या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. ज्यांनी जुन्या हिशेब-प्रणालीतून नव्या प्रणालीत खाती नेताना रात्री जागवल्या आहेत, त्यांना ते पक्के ठाऊक आहे. लवचिक रूळ वाकवून हवे तसे वळण घ्यायचे असेल तर ही उत्तम. मात्र शिकायला जड. मला पंधरा दिवसांत एक सांधा नीट बसवता आला, आणि त्यातही नातवाचा हात होता. मॅक संगणक असणाऱ्यांसाठी रेलमॉडेलर नावाची प्रणाली आहे; ती आम्ही वापरलेली नाही.

ठरीव तुकड्यांच्या रुळांनी पहिली मांडणी करणाऱ्या मुलाला मी स्कार्म सुचवीन. दोन वर्षांनी हौस टिकली तर एक्सट्रॅककॅड.

प्रणालीचा खरा उपयोग काय, हे आम्हाला पुलाने शिकवले. नातवाला आठाच्या आकड्यासारखी वाट हवी होती, म्हणजे गाडी पुलावरून स्वतःच्याच रुळावरून जाईल. ८ फूट बाय ४ फूट प्लायवूडवर त्या वाटेची लांबी सुमारे ६ मीटर भरली. खालची गाडी निर्धोक जावी म्हणून दोन रुळांच्या उंचीत ७५ मिमीचा फरक आम्ही धरला. निम्म्या वाटेत, म्हणजे ३ मीटरमध्ये, हा चढ चढायचा, १:४०. पण पुलावर आणि चढाच्या आरंभी रूळ एकदम मोडून चालत नाही, तिथे उतार हळूहळू वाढवावा लागतो. ती जागा वजा केल्यावर प्रणालीने मधल्या टप्प्याचा चढ दाखवला तो जवळपास १:३७. हा आकडा मला कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, आणि मग आठवले: भोर घाटाचा चढ हाच! तेथे मागून ढकलायला जादा इंजिने जोडतात. नातवाने मुकाट्याने गाडीचे दोन डबे कमी केले.

दुसरा दोष सूनबाईंनी शोधला. दिवाळीच्या मालासाठी आमची माडी दरवर्षी मोकळी करावी लागते, म्हणून फळी दोन भागांत हवी होती. सूनबाई पडद्यावरचा आराखडा पाहून म्हणाल्या, "बाबा, फळी मधोमध कापणार म्हणता, मग पूल बरोबर कापावर येतो की." खरोखरच आठाच्या आकड्याचा छेद मध्यावरच पडतो. मग फळी साडेतीन आणि साडेचार फुटांवर कापायचे ठरले, आणि त्या रेषेवर एकही सांधा येणार नाही असे रूळ सरकवले. पडद्यावर या फेरफाराला दहा मिनिटे लागली. प्लायवूड कापून झाल्यावर हे ध्यानात आले असते तर काय झाले असते, ते माझ्या टेबलाला विचारावे.

काही गोष्टी प्रणाली सांगत नाही, त्या आपण पाहायच्या. रेषा जुळल्या म्हणजे वीज जुळली असे नव्हे. दोन रुळांतून वीज वाहते तेथे गाडीला उलट फिरवून त्याच वाटेवर आणणारा फास काढला तर डावा रूळ उजव्याला भेटतो आणि शॉर्ट सर्किट होते. आपल्या एलएचबी डब्याची लांबी सुमारे २३.५ मीटर, म्हणजे १:८७ मध्ये २७ सेंमी. शेजारशेजारच्या दोन वळणांत ६७ मिमी अंतर असते, आणि एवढे लांब डबे अशा वळणावर केवढे झुकतात ते कागदी डबा कापून फिरवून पाहिल्याशिवाय कळत नाही. भिंतीला टेकवलेली ४ फूट रुंदीची फळी असेल तर मागच्या कडेला हात पोहोचत नाही. गाडी नेमकी तेथेच घसरते.

आराखडा पक्का झाल्यावर तो पूर्ण मापात, एकास एक, छापावा. तिन्ही प्रणाली तसे छापू देतात. आमच्या फळीला ए-४ मापाची साठांहून अधिक पाने लागली. जुन्या दरपत्रकांच्या कोऱ्या पाठी त्यासाठी कामी आल्या. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद आहे ना ते पाहावे, नाहीतर सारे माप किंचित आखडते. पहिले पान छापून त्यावर पट्टी ठेवून मोजावे, मगच पुढची पाने छापावीत. पाने चिकटवून फळीवर अंथरली, नातवाने पुठ्ठ्याचा २७ सेंमीचा डबा त्यावरून हाताने फिरवला, आणि मालधक्क्याचा कोपरा त्याला दोनदा लागला. धक्का आता ३ सेंमी मागे घेतला आहे. सामानाची यादी प्रणाली आपोआप काढून देते. त्या यादीत आधीच्या वर्तुळाचे रूळ वजा करून उरलेलाच माल पुढच्या आठवड्यात मागवणार आहोत.

भगिनींनी खोलीची लांबी-रुंदी, दार कोणत्या बाजूला उघडते, आणि त्यांच्या गावी वा ओळखीच्या विक्रेत्याकडे कोणत्या बनावटीचे रूळ मिळतात, एवढे कळवावे. आमचा नातू आराखडा तपासून द्यायला उत्सुक आहे. त्यांच्या यजमानांनी रूळ आधीच आणले असतील, तर कृपा करून पावती जपून ठेवावी.