दोन मध्यवर्ती बँकांच्या मध्ये उभा असलेला विद्यार्थी

भारतातील विद्यापीठांच्या दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० च्या नियमावलीद्वारे निश्चित चौकट दिली. मान्यताप्राप्त संस्थेतून या पद्धतीने मिळवलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाईल, असेही आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. नोकरीपायी शिक्षण अर्धवट सोडून आखातात आलेल्यांसाठी हा निर्णय महत्त्वाचा आहे. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात असे नोकरदार पुष्कळ भेटतात. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या या भागांतील गॅरेज, लोखंडकामाचे कारखाने, सुट्या भागांची दुकाने आणि गोदामे यांचे हिशेब, साठा आणि देखरेख सांभाळणाऱ्यांत भारतीयांचा भरणा मोठा आहे. भारतात संध्याकाळी सात वाजता सुरू होणारे व्याख्यान येथे साडेपाचला सुरू होते. म्हणजे नेमके पाळी सुटण्याच्या आणि दुबई-शारजा रस्ता तुंबण्याच्या वेळी. तरीही ध्वनिमुद्रित व्याख्याने आणि रात्रीचे दोन तास यांच्या बळावर पदवी पुरी करणे आता अशक्य राहिलेले नाही.

अर्थशास्त्राच्या अशा पदवीत ‘पैसा आणि बँकिंग’ हा विषय हमखास असतो. ऑनलाइन शिक्षणाचे तत्त्व असे, की विद्यार्थी कुठे राहतो याला महत्त्व नाही. मागणीचा नियम शिकताना ते खरे ठरते. तो नाशकात आणि शारजात सारखाच लागू पडतो. ‘पैसा आणि बँकिंग’च्या बाबतीत मात्र ते अपुरे पडते. हा विषय एखाद्या चलनाचा आणि ते चालवणाऱ्या मध्यवर्ती बँकेचा असतो. पाठ्यपुस्तकातील बँक मुंबईत आहे, तर विद्यार्थ्याचा पगार दुसऱ्याच बँकेच्या चलनात होतो.

व्याजदर ठरतो कुठे?

भारतीय विद्यार्थी रेपो दर, रोख राखीव प्रमाण आणि खुल्या बाजारातील व्यवहार शिकतो. महागाई वाढली की मध्यवर्ती बँक दर वाढवते, मागणी मंदावली की कमी करते, हे त्याला पाठ असते. संयुक्त अरब अमिरातीत या वाक्यातील कर्ताच बदलतो. नोव्हेंबर १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहम हा दर कायम आहे. भांडवलाची ये-जा खुली ठेवून विनिमय दर स्थिर राखायचा, तर व्याजदर स्वतःच्या मर्जीने ठरवता येत नाही. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत, हा पाठ्यपुस्तकातील सिद्धान्त येथे रोजच्या व्यवहारात दिसतो.

मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने दर शून्याजवळून सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांच्या पट्ट्यात नेला. अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेचा आधारभूत दर त्यामागोमाग ५.४० टक्क्यांवर गेला. रिझर्व्ह बँकेने त्याच सुमारास रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये हात आखडता घेतला. शारजात वाहनकर्ज आणि रत्नागिरीत गृहकर्ज असलेल्या माणसाच्या दोन हप्त्यांमागे दोन वेगळी कारणे होती. त्यांतले एक वॉशिंग्टनमध्ये ठरत होते. केवळ भारतीय पुस्तक वाचणाऱ्याला ते दिसणार नाही.

रुपया-दिरहम दराचेही असेच आहे. एक्स्चेंजच्या फलकावर दिसणारा दर स्वतंत्र नसतो. रुपया-डॉलर दराला ३.६७२५ ने भागले की तो मिळतो, आणि वर एक्स्चेंजचा नफा. डॉलर ८५ रुपयांचा असेल, तर दिरहम सुमारे २३ रुपये १४ पैशांचा. फलकावरील दर आणि हा भागाकार यांतील फरक म्हणजे पैसे पाठवण्याचा छुपा खर्च. ‘शुल्क नाही’ अशी जाहिरात असते तेव्हा हा फरकच शुल्काचे काम करतो. विषयाचा पहिला व्यावहारिक लाभ हा एवढा हिशेब येण्यात आहे.

कार्डावरचा पगार ही ठेव आहे का?

चलनपुरवठा मोजताना जनतेजवळील रोख आणि बँकांतील मागणी ठेवी धरतात, असे पुस्तक सांगते. अमिरातीत २००९ पासून वेतन संरक्षण प्रणाली आहे. तिच्यानुसार खासगी क्षेत्रातील मालकाला पगार मान्यताप्राप्त बँक किंवा एक्स्चेंज हाऊसमार्फत द्यावा लागतो. पगार थकवण्याला त्यामुळे बराच आळा बसला. पण अनेक बँकांची किमान पगाराची किंवा शिल्लकीची अट कमी वेतनाच्या कामगाराला झेपत नाही. त्याचा पगार पगारकार्डावर जमा होतो. कार्ड बँकेच्या खात्यासारखे दिसते. मात्र त्यावर बचतीचे व्याज नाही, आणि त्याच्या आधारे कर्जाची पत उभी राहणे अवघड असते. बँक ठेवीच्या आधारे पतनिर्मिती करते, एक्स्चेंज हाऊस दुसऱ्याचा पैसा पोहोचवते, हा पुस्तकातील भेद येथे कामगार आणि पर्यवेक्षक यांच्या खिशांतला भेद होतो.

या भेदाची किंमत मार्च २०२० मध्ये दिसली. १९८० पासून भारतीयांच्या घरोघरी परिचित झालेल्या ‘यूएई एक्स्चेंज’ने नवे व्यवहार थांबवले आणि मध्यवर्ती बँकेने तिच्या कारभारावर देखरेख सुरू केली. आपण ज्याच्या हाती पैसे देतो ती संस्था बँक आहे की वाहक, हा प्रश्न त्या दिवसांत केवळ परीक्षेपुरता उरला नव्हता.

हवालाही असाच. अमिरातीत मध्यवर्ती बँकेकडे नोंदणी करून हवाला सेवा देता येते. भारतात परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली हुंडीने पैसे आणणे बेकायदेशीर आहे. व्यवहार एकच, पण त्याचे एक टोक कायद्यात बसते आणि दुसरे बसत नाही.

रुपयाचा जुना पत्ता

शारजात एकेकाळी रुपयाच चालत असे. सोन्याच्या चोरट्या व्यापारातून भारताची परकीय गंगाजळी आटू लागली, तेव्हा १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. आखातातील लोकांच्या हातातील पैशाचे मोलही त्यांना न विचारता घटले. यानंतर या राज्यांनी रुपया सोडला. शारजासह बहुतेक राज्ये कतार-दुबई रियालकडे वळली आणि मे १९७३ मध्ये दिरहम आला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध केलेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधात हाच प्रश्न घेतला होता: विनिमय दर स्थिर ठेवायचा, की देशातील लोकांच्या हातातील रुपयाची क्रयशक्ती? त्यांनी क्रयशक्तीच्या बाजूने कौल दिला. अमिरातीने पहिला पर्याय निवडला आहे. तेल आणि व्यापारावर चालणाऱ्या छोट्या देशाला तो सोयीचा आहे. भारत आज दुसऱ्याच्या जवळ आहे. शारजातील मराठी विद्यार्थी या दोन्ही पर्यायांचे परिणाम एकाच महिन्यात अनुभवतो.

घरी पोहोचलेला पैसा

हा प्रश्न मोजक्यांचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी पाठवलेल्या रकमेत अमिरातीचा वाटा १९.२ टक्के होता, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक, २०.५ टक्के, रक्कम महाराष्ट्रात आली. रुपया घसरला की दिरहम कमावणाऱ्याला आनंद होतो. हप्ता फेडणाऱ्यासाठी तो रास्त आहे. ज्याने वर्षानुवर्षांची बचत रुपयातील एनआरई ठेवीत टाकली, त्याच्या त्याच बचतीचे डॉलरमधील मोल मात्र घसरलेले असते. डॉलरसारख्या चलनातच राहणाऱ्या एफसीएनआर ठेवीत ही जोखीम नाही. व्याज सहसा कमी मिळते. निवड कोणती हे निवृत्तीनंतर कुठे राहायचे यावर ठरावे.

दुसरी जोखीम बँकेची. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला ठेवीदाराला खात्यातून केवळ एक हजार रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपये आहे. अर्धा टक्का जादा व्याजासाठी सगळी कमाई एकाच बँकेत ठेवणाऱ्याने ‘बँकेच्या ताळेबंदात ठेव ही देयता असते’ हे पुस्तकातील वाक्य पुन्हा वाचावे.

अभ्यासक्रमाने काय करावे?

दोष विद्यार्थ्याचा नाही आणि पुस्तकाचाही पूर्णपणे नाही. ते भारतात राहणाऱ्यासाठी लिहिले गेले. पण विद्यापीठे आखातातून विद्यार्थी घेत असतील, तर एक घटक जोडणे कठीण नाही: स्थिर विनिमय दराखालील बँकिंग, मायदेशी पैसे पाठवण्याची यंत्रणा आणि अनिवासी ठेवी. रिझर्व्ह बँक आणि अमिरातीची मध्यवर्ती बँक यांच्यात जुलै २०२३ मध्ये रुपया-दिरहममध्ये थेट व्यवहार आणि दोन्ही देशांच्या तत्काळ पैसे देण्याच्या प्रणाली जोडण्याबाबत करार झाले. गृहपाठासाठी याहून जिवंत विषय कोणता?

तोपर्यंत विद्यार्थ्याने स्वतःच दुसरे पुस्तक उघडावे. दोन्ही मध्यवर्ती बँकांची पत्रके विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रत्येक धडा संपल्यावर ‘हे येथे लागू पडते का, नसेल तर का नाही?’ एवढे एका पानावर लिहिले, तरी परीक्षेत मागितले जाणार नाही ते ज्ञान हाती येईल. पदवीचा उपयोग पदोन्नतीला होईल किंवा होणार नाही. ते मालकावर आणि बाजारावर अवलंबून आहे. स्वतःच्या पगाराचा प्रवास कोणत्या तीन शहरांतील निर्णयांवर ठरतो हे उमगणे मात्र पूर्णपणे विद्यार्थ्याच्या हातात आहे.