चेहरा नव्हे, काम दाखवावे

स्मरणिकांतील जाहिरातींची पाने चाळली म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानी येते. पेढीचे नाव, पत्ता आणि मालकांची छबी एवढाच मजकूर असतो. माल कसा पारखला जातो, कोण तोलतो, वखारीत कसा रचला जातो, याचा मागमूस नसतो. आता तर धार-देवासची तरुण मंडळी भ्रमणध्वनीवर झळकविण्यासाठी छायाचित्रकाराकडून आपल्या छबी मुद्दाम काढवून घेतात. खर्चाबद्दल आमची तक्रार नाही. परंतु कॅमेऱ्याचे तोंड चुकीच्या दिशेला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पूर्वी गिऱ्हाईक गादीवर येऊन बसे, मूठभर गहू तळहातावर घेई, दाणा दाताखाली फोडून पाही आणि मगच सौदा होई. १४ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजेच ई-नाम, सुरू झाला. आता त्यात सामील झालेल्या मंडीत दूरचा व्यापारीही पडद्यावर पाहून बोली लावू शकतो. जे गिऱ्हाईक दारी येतच नाही, त्याने आमच्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा? मालकाच्या हसऱ्या मुद्रेवरून सोयाबीनचा ओलावा कळत नाही.

यास्तव काम दाखवावे. पोत्यात परखी खुपसून नमुना काढणारा हात दाखवावा. चाळणीखाली पडलेली माती व काडीकचरा दाखवावा. सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा सामान्यतः शेकडा १२ धरतात. तेव्हा ओलावा मोजण्याच्या यंत्रावरील आकडा दाखवावा. पोते काट्यावर असतानाचे वजन आणि थप्पीखालच्या लाकडी फळ्या दाखवाव्यात. यास मोठा खर्च लागत नाही.

ही कल्पना नवी नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याची वार्ता देण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक होऊन घरोघर पोचले. छायाचित्रकलेशी आपल्या समाजाचे नातेही जुने आहे. जैन कुटुंबात जन्मलेले लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) इंदुरास सरकारी बांधकाम खात्याच्या नोकरीत असताना ही कला शिकले व पुढे निजामाचे छायाचित्रकार झाले.

वडीलधारी मंडळी म्हणतील, धंद्याचे गुह्य चव्हाट्यावर मांडू नये. ते रास्तच आहे. खातेवही, गिऱ्हाइकांची नावे आणि सौद्याचे भाव झाकलेलेच असावेत. शेतकरी, हमाल व तुलावटी यांची संमती घेतल्याविना त्यांचे चित्र काढू नये. आणि संमती दिली तर चित्राखाली त्यांचे नावही छापावे. पेढीची अब्रू त्यांच्याही हातांवर उभी असते.

मात्र एक पथ्य कडकपणे पाळावे. दुसऱ्याच्या वखारीचे चित्र आपले म्हणून छापणे, किंवा चित्रापुरती चाळणी मांडून वर्षभर ती खुंटीस टांगणे, हा निव्वळ दिखाऊपणा नव्हे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत कमीजास्त माप ठेवणे व नकली माल खपविणे यांची गणना केली आहे. नकली चित्र त्याच पंक्तीत बसते. खरे चित्र मात्र पेढीस बांधून घालते. काट्याचे चित्र छापले की गिऱ्हाईक उद्या तोच काटा मागणार. चाळणी दाखवली की चाळलेलाच माल मागणार. काहींना यात अडचण दिसेल. आम्हांस यात शिस्त दिसते, आणि शिस्तीचा नफा सावकाश येत असला तरी टिकतो.

आमची सूचना एवढीच की, पुढील स्मरणिकेसाठी प्रत्येक सभासदाने मालकाच्या छबीऐवजी आपल्या पेढीवरील कामाचे एक खरे छायाचित्र व त्याखाली दोन ओळी द्याव्यात. घरातील मुलांनाही त्यातून कळेल की, त्यांच्या ताटातला घास कोणत्या कष्टांतून येतो. व्यापारी बंधूंनी याचा विचार करावा.