पोटाचं दुखणं डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगा

संडासावाटे रक्त जातं, हे सांगायची आपल्याकडे लाज वाटते. मूळव्याध असेल म्हणून माणूस महिनोन्‌महिने गप्प राहतो. बायका तर घरातही बोलत नाहीत. पोटाच्या डॉक्टरांपुढे कसंबसं तोंड उघडतं, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना हे कशाला सांगायचं? माझं म्हणणं असं की, तिथंही सांगायलाच हवं.

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारांत आतड्यांना वर्षानुवर्षं सूज येत राहते. काहींच्या बाबतीत सांधे, त्वचा आणि डोळेही त्यात सापडतात. डोळा लाल होणं, दुखणं हे जास्त आढळतं. क्वचित मात्र डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसच सुजते. याला ऑप्टिक न्युरायटिस म्हणतात. बहुधा एका डोळ्याची नजर काही तासांत किंवा दिवसांत मंदावते, डोळा फिरवताना दुखतं, रंग फिके दिसतात. मी वह्या तपासणारा माणूस, म्हणून सांगतो: एकेक डोळा झाकून पाहा. लाल शाई एका डोळ्याला फिकी दिसली, तर चष्म्याच्या दुकानात नव्हे, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

औषधांचाही प्रश्न आहे. आतड्यांचा टीबी आणि क्रोन्स इतके सारखे दिसतात की आपल्या देशात अनेक रुग्णांना आधी टीबीची औषधं देऊन पाहतात. त्यातलं इथम्ब्युटॉल काहींच्या डोळ्याच्या नसेला इजा करतं. क्रोन्सवर दिल्या जाणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब या इंजेक्शनांनंतरही क्वचित ही नस सुजल्याचं आढळलं आहे. म्हणजे नजर जाण्याचं कारण आजारही असू शकतो आणि औषधही. एका ठिकाणी स्टेरॉइड लागेल, दुसऱ्या ठिकाणी औषध बदलावं लागेल. ते डॉक्टरच ठरवतील. आपल्या मनानं गोळ्या बंद करू नयेत. पण पोटाची फाईल समोर नसेल, तर डॉक्टर तरी काय ठरवणार?

हिंगोलीत २०२४ साली सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, ही आनंदाची गोष्ट. तरी कळमनुरी-सेनगावच्या खेड्यांतला रुग्ण आज पोटासाठी एका गावी, डोळ्यांसाठी दुसऱ्या गावी जातो. दोन्ही डॉक्टरांची कधी भेट होत नाही. त्यांच्यातला निरोप्या रुग्णच असतो. म्हणून सगळे कागद एकाच पिशवीत ठेवा, चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. आणि घरातली एखादी लेक किंवा अम्मी बोलायला लाजत असेल, तर तिच्यासोबत जा.