खारीच्या वाट्याला काय?

‘खारीचा वाटा’ हे शब्द आपल्या बायकांच्या तोंडी फार. मंडळाच्या हळदीकुंकवाला पाच नारळ दिले की आपण म्हणतो, ‘माझा आपला खारीचा वाटा.’ शाळेच्या इमारतीसाठी पावती फाडली की पुन्हा तेच. वाळूत लोळून अंगाला चिकटलेले चार कण सेतूवर नेऊन झटकणारी ती खार आणि तिच्या पाठीवरून फिरलेली रामाची बोटं, ही गोष्ट लहानपणी ऐकली नाही असं मराठी माणूस सापडणं कठीण. पण मैत्रिणींनो, हा हिशेब कधी उलटा मांडून पाहिलाय का? एवढा वाटा उचलणाऱ्या खारीच्या वाट्याला आपल्याकडून काय येतं?

मला हा प्रश्न दरवर्षी एप्रिल-मेमध्ये पडतो. मी मुंबईत मुलुंडला राहते. महिला मंडळाच्या कामामुळे बऱ्याच घरांत ये-जा आहे. त्यामुळे रेशनकार्डापासून नवराबायकोच्या भांडणापर्यंत कशासाठीही फोन येतात. उन्हाळ्यात त्यात एक फोन ठरलेला असतो, ‘ताई, खारीचं पिल्लू सापडलंय. अजून डोळेही उघडले नाहीत. काय करू?’

उन्हाळ्यातच का? कारण पावसाळ्याआधी आमच्याकडे झाडांची छाटणी निघते. रस्त्यावरच्या फांद्या पालिका उतरवते, आवारातल्या सोसायट्या परवानगी काढून उतरवतात. वादळवाऱ्यात फांदी कोणाच्या डोक्यावर पडू नये म्हणून हे करावंच लागतं. पण नेमके तेच खारीच्या बाळंतपणाचे दिवस. फांदीच्या बेचक्यात, नारळाच्या झावळ्यांच्या बुडाशी, एसीच्या मागे, तुमच्याकडे कौलाखाली किंवा माळ्यावर ती घरटं करते. काथ्या, कापूस, चिंध्या, आपण उन्हात टाकलेल्या गोधडीचे दोरे, जे मिळेल ते नेते. एका वेळी बहुधा दोन-तीन पिल्लं होतात. बाप या संसारात फिरकत नाही. सगळं तिचं एकटीचं. (यावर आमच्या मंडळात बरीच चर्चा झाली!)

१७ मे २०२१ ला ‘तौक्ते’ वादळ मुंबईजवळून गेलं, तेव्हा त्या दोन-चार दिवसांत शहरात दोन हजारांहून अधिक झाडं पडली. त्याआधी ऑक्टोबर २०१९ मध्ये आरे कॉलनीत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली आणि सर्वोच्च न्यायालयानं ती तोड थांबवली. पेपरात झाडांचे आकडे येतात. त्या झाडांवर घरटी किती होती, हे कोणी मोजत नाही.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. शेजारच्या इमारतीत कंत्राटदाराच्या माणसांनी गुलमोहराची मोठी फांदी उतरवली. तिच्याबरोबर घरटं खाली आलं. पाचवीतल्या एका मुलानं तीन पिल्लं बुटांच्या खोक्यात घालून घरी नेली. गुलाबी, उघडीवाघडी, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी. त्याच्या आजीनं मायेनंच कापसाच्या वातीनं गाईचं दूध पाजलं. संध्याकाळी मला बोलावलं तोवर एक पिल्लू गेलं होतं. दुसऱ्याचं पोट फुगलं होतं. आजी डोळे पुसत म्हणाल्या, ‘अगं, चार मुलं वाढवली मी. एवढ्याशा जिवाला दूध पाजायला चुकले कशी?’

त्यांचा दोष नव्हता. तान्हं म्हटलं की दूध, हेच आपण पिढ्यानपिढ्या शिकत आलो. पण खारीचं दूध गाई-म्हशीच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त स्निग्ध असतं आणि त्यात साखर कमी असते. आपलं दूध त्या पिल्लाला पचत नाही. पोट फुगतं, जुलाब लागतात आणि एवढ्याशा अंगातलं पाणी संपायला वेळ लागत नाही. शिवाय पिल्लू गार पडलेलं असेल तर त्याला काहीच पचत नाही. म्हणून आधी ऊब, मग पाणी आणि सगळ्यात शेवटी दूध. कमी दिवसांच्या बाळाला दवाखान्यात आधी ऊब देतात, हे आपल्यातल्या कितीतरी जणींनी पाहिलंय. इथंही तेच.

त्या रात्री उरलेल्या दोघांना गरम पाण्याच्या बाटलीच्या उबेला ठेवलं. एका पशुवैद्यांना फोन करून त्यांनी सांगितलं तेवढंच, थेंब-थेंब दिलं. सकाळी उजाडताच ते खोकं, वर उघडं, त्याच गुलमोहराच्या खोडाला सुतळीनं बांधलं आणि सगळे लांब झालो. खिडकीतून बघत होतो. साडेसातच्या सुमाराला ती आली. चिरचिर ओरडत दोनदा खोडाला फेऱ्या घातल्या. मग खोक्यात शिरली आणि एक पिल्लू तोंडात धरून भिंतीवरून पलीकडच्या नारळावर गेली. दहा मिनिटांनी दुसरं नेलं. आम्ही टाळ्या वाजवणार, एवढ्यात ती पुन्हा आली. तिसऱ्यासाठी. खोक्यात डोकं घालून पाहिलं, चिंध्या उपसल्या, बाहेर आली, पुन्हा आत गेली. तो मुलगा मला म्हणाला, ‘मावशी, तिला मोजता येतं?’ मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही, की खाली पडलेलं प्रत्येक पिल्लू अनाथ नसतं. बहुतेक वेळा आई वरच कुठंतरी असते आणि आपण तिथून हलायची वाट बघत असते. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज खोटा आहे. ती वास घेऊन सोडून देत नाही, उचलून नेते. तिची दुसरी एखादी जागाही असते. तेव्हा पिल्लू जखमी नसेल आणि गार पडलेलं नसेल, तर त्याला उबेच्या खोक्यात घालून त्याच झाडाला थोडं उंच बांधा. मांजर-कावळे जवळ येणार नाहीत एवढं लक्ष दुरून ठेवा आणि काही तास थांबा. खार दिवसा हिंडणारी आहे, रात्री येणार नाही. संध्याकाळी पिल्लू सापडलं तर रात्रभर उबेत ठेवून सकाळी हाच प्रयत्न करा. एवढ्यानं निम्म्याहून जास्त काम होऊन जातं आणि आपल्या डोक्याला व्यापही राहत नाही.

आई मेलेलीच असेल, तर मात्र वाढवण्याचा प्रश्न येतो. बोरिवलीला नॅशनल पार्कच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीनं हे काम केलंय. तिच्या डोळ्यांदेखत मांजरानं आईला नेलं. पिल्लू एकच, डोळे मिटलेलं. तिनं पशुवैद्यांना विचारलं, वनखात्याला कळवलं आणि त्यांच्या सल्ल्यानं पिल्लू काही आठवडे सांभाळलं. तिच्याकडून मी जे शिकले ते सांगते.

ऊब द्यायची ती खोक्याच्या एकाच बाजूला. कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली पुरते. जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकायला जागा हवी. तुमच्याकडे वीज जाते, तेव्हा बल्बपेक्षा बाटलीच बरी. अंगात ऊब आल्यावर जलसंजीवनीचं पातळ, कोमट पाणी. त्यानंतर कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर, तीही डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात. पाजायला सुई काढलेली एक मिलीची सिरिंज. पिल्लाला कधीही उताणं धरायचं नाही. पोटावर, डोकं जरा वर असं धरायचं आणि एकेक थेंब ओठाला लावायचा. घाई केली की दूध नाकातून छातीत जातं, निमोनिया होतो आणि पिल्लू हातचं जातं.

आणि एक गोष्ट, जी कोणालाच ठाऊक नसते. तान्ह्या पिल्लाला स्वतःहून शी-शू होत नाही. आई चाटते तेव्हा होते. म्हणून दर वेळी पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं खालचा भाग हलके पुसायचा. हे राहून गेलं, तर दूध पचत असलेलं पिल्लूही दगावतं.

अंगावर केस नसलेल्या पिल्लाला दर दोन तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. साधारण तीन आठवड्यांत डोळे उघडतात, मग वेळा लांबतात. पुढं दुधाबरोबर फळाचे बारीक तुकडे, काकडी, कोवळा पाला, कळ्या. बिस्किटं, वेफर्स, फरसाण मुळीच नाही. खारीचे दात जन्मभर वाढत असतात, म्हणून कुरतडायला साल आणि काटक्या हव्यात. मांजराचा दात लागला असेल तर जखम दिसो न दिसो, डॉक्टर गाठायचेच. पिल्लू आपल्याला चावलं, तर साबणानं भरपूर धुऊन आपणही डॉक्टरांना दाखवायचं.

हे सगळं वाचून तुमच्या मनात आलंच असेल, की रात्री दोनला उठायचं कोणी? खरं आहे. मुलं पिल्लू घेऊन येतात, नवरा ‘अरे वा’ म्हणतो आणि जागरण आईच्या वाट्याला येतं. घरातल्या आजारी माणसापासून कुंडीतल्या तुळशीपर्यंत जे जे सांभाळायचं, ते बाईनं, असा आपल्याकडे न लिहिलेला नियमच आहे. माझ्या मैत्रिणीनं पहिल्याच दिवशी पाळ्या लावल्या. पहाटेची पाळी मुलाची, पाणी गरम करायचं काम नवऱ्याचं. ‘भूतदया सगळ्यांची, तर जागरणही सगळ्यांचं,’ असं तिनं स्पष्ट सांगितलं. आपल्या घरी जमणार नसेल तर तसं सांगण्यात काही कमीपणा नाही. वनखात्याची १९२६ ही हेल्पलाईन आहे. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटीट पशुरुग्णालय आहे. तुमच्या तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असेल. तिथल्या डॉक्टरांना गाई-म्हशींची सवय असली, तरी विचारा. औषधाचं माप आपल्यापेक्षा त्यांना नक्की कळतं.

पण पाजण्या-पुसण्यापेक्षाही अवघड भाग पुढंच असतो. पिल्लू दोन-अडीच महिन्यांचं होतं, अंगाखांद्यावर खेळायला लागतं, आपण हाक मारली की येतं. मोबाईलवर अशा खारींचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. खिशात बसलेली, चहाच्या कपात तोंड घालणारी. बघायला गोड वाटतं. पण माणसाला न भिणारी खार मांजरालाही भीत नाही, कुत्र्यालाही नाही आणि गलोल घेतलेल्या पोरालाही नाही. आपण तिला प्रेम दिलं असं वाटतं, प्रत्यक्षात तिचं सगळ्यात मोठं हत्यार, तिची भीती, आपण काढून घेतलेली असते. म्हणून डोळे उघडल्यापासून हाताळणं कमी करत जायचं. खार रानातला जीव आहे, पिंजऱ्यात ठेवून पाळायची वस्तू नव्हे. वन्यजीवांना संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे १९७२ पासून आहे, त्यामागचा विचार हाच.

मैत्रिणीनं झाडासमोरच्या गॅलरीत मोठा पिंजरा ठेवला आणि एके दिवशी त्याचं दार उघडून दिलं. पहिले काही दिवस पिल्लू संध्याकाळी झोपायला परत यायचं. मग एक दिवसाआड. मग बंद झालं. लोक म्हणाले, ‘मुलगी सासरी पाठवल्यासारखं वाटलं असेल.’ ती म्हणाली, ‘छे! मुलीनं माहेर विसरू नये असं आपल्याला वाटतं. हिनं मला विसरावं म्हणून मी दोन महिने झटत होते. ज्या दिवशी ती माझ्या हाताला बिचकून पळाली, त्या दिवशी मला कळलं, जमलं.’

आपल्याला सांभाळायची सवय आहे. सांभाळून सोडून द्यायची फारशी नाही. जे आपण वाढवलं ते आपलं, असं मन म्हणतं. खारीचं पिल्लू वाढवायचं तर हे मन आधी बाजूला ठेवावं लागतं. जमत नसेल तर पिल्लाला हात न लावलेला बरा.

त्या पाचवीतल्या मुलानं परवा मला आणखी एक प्रश्न विचारला. ‘मावशी, रामानं तीन बोटं फिरवली तर काही खारींना पाच पट्टे कसे?’ मी त्याला सांगितलं, आपल्याकडे तीन पट्ट्यांची आणि पाच पट्ट्यांची अशा दोन जाती आहेत. टीव्हीवर बघतोस तो चिपमंक आणखी वेगळा, तो अमेरिकेत आणि तिकडे सायबेरियात असतो. आणि आपल्या राज्याचा प्राणी शेकरू, तीही एक मोठी खारच. त्याला ते ऐकून फार अभिमान वाटला. मग म्हणाला, ‘या वर्षी फांदी तोडायच्या आधी मी वर चढून बघणार.’ वर चढू नकोस म्हटलं, पण विचारणार हे चांगलं.

सगळ्यात सोपी मदत तीच आहे. पिल्लू खाली पडल्यावर केलेल्या शंभर उपायांपेक्षा ते पडूच न देणं केव्हाही सोपं. तुमच्या आवारात, शाळेत, देवळापाशी झाडं छाटायला माणसं आली, की काम सुरू व्हायच्या आधी त्यांना पाणी द्या आणि विचारा, ‘दादा, वर घरटं आहे का, जरा बघता?’ ही माणसं झाडावर असतात, त्यांना आपल्याआधी दिसतं. सांगितलं तर ऐकतातही. घरटं असेल तर ती एक फांदी दोन महिने राहू द्या. फांदी धोक्याची असेल, तर घरटं पिल्लांसकट अलगद उतरवून शेजारच्या झाडाला बांधायला सांगा. बाकीचं त्यांची आई बघून घेईल.