दिवे गेले असता : शोध घरच्याने, दुरुस्ती जाणत्याने

सायंकाळी दिवेलागणीच्या सुमारास घरातील दोन खोल्यांत एकाएकी अंधार होतो. स्वयंपाकघरातील दिवा मात्र जळत असतो आणि रस्त्यावरचे दिवेही जळत असतात. गावाचा वीजपुरवठा बंद पडलेला नाही, हे उघडच असते. अशा वेळी पुष्कळ घरांत दोहोंपैकी एक प्रकार घडतो. एखादा धीट गृहस्थ स्टुलावर चढतो, हाताला लागेल ती तार फ्यूजमध्ये गुंडाळतो आणि दिवे लागताच समाधानाने खाली उतरतो. किंवा घरात कोणी धीट नसेल, तर साधा बल्ब बदलण्यासाठीही वायरमनची वाट पाहत सारे कुटुंब अंधारात बसून राहते. पहिल्याचे धैर्य आणि दुसऱ्याची भीती ही दोन्ही एकाच अज्ञानाची अपत्ये होत. बिघाड कोठे आहे हे शोधून काढणे प्रत्येक सुबुद्ध गृहस्थाला व गृहिणीला जमले पाहिजे. तो बिघाड भिंतीतील तारांत आहे असे दिसताच हात आवरणेही तितकेच जमले पाहिजे.

ही मर्यादा कोणा भित्र्या माणसाने घालून दिलेली नाही. भारतातील वीजविषयक नियमांनी ती फार पूर्वीच आखलेली आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील पंचेचाळिसाव्या नियमानुसार विजेच्या जोडणीचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घेणे आवश्यक होते. त्याला अपवाद होता तो दिवे, पंखे, फ्यूज, बटणे यांसारख्या वस्तू बदलण्याचा; आणि तोही अशा अटीवर, की त्या बदलाने जोडणीची क्षमता अथवा तिचे स्वरूप यांत काहीही फरक पडू नये. पुढे २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नवे विनियम केले, तेव्हाही हाच विवेक कायम राहिला. या अटीतच सारे मर्म साठवलेले आहे. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच जाडीची तार घालणे ही दुरुस्ती होय. जाड तार घालणे हे मात्र जोडणीची क्षमता बदलणे होय, मग ते काम दोन मिनिटांत उरकलेले का असेना!

बिघाडाचा शोध बाहेरून आत, मोठ्याकडून लहानाकडे असा क्रमाने घ्यावा. प्रथम शेजारच्या घरांतील दिवे पाहावेत. तेथेही अंधार असेल, तर दोष घरात नाही. शेजारी उजेड असून आपले सारे घर अंधारात असेल, तर दोष मेन स्विचपाशी किंवा त्याच्याही अलीकडे मीटरकडे असण्याचा संभव अधिक. आणि मीटर व त्याचे सील यांना हात लावण्याचा अधिकार वीज कंपनीच्या माणसालाच आहे. केवळ एकच दिवा गेला असेल, तर चालू असलेला बल्ब त्याच्या जागी लावून पाहावा. मात्र दोन किंवा अधिक खोल्यांतील दिवे एकदम गेले, तर त्यांचे मंडल, म्हणजेच सर्किट, एकच आहे असे समजून त्या मंडलाचा फ्यूज किंवा एमसीबी पाहावा. दिवे, पंखे व लहान प्लग मिळून एका मंडलावर दहापर्यंत पॉइंट आणि एकूण सुमारे ८०० वॅटचा भार ठेवावा, असा संकेत आपल्याकडे दीर्घकाळ चालत आलेला आहे. २३० व्होल्टच्या दाबाला ८०० वॅट म्हणजे साडेतीन अँपिअर प्रवाह होतो. म्हणूनच अशा मंडलाला पाच अँपिअरचा फ्यूज पुरतो.

एमसीबीचा खटका पडलेला आढळला, तर तो लगेच वर करण्याची घाई करू नये. त्या मंडलावरील सर्व बटणे आधी बंद करावीत, प्लगला लावलेली उपकरणे काढून ठेवावीत आणि मगच खटका एकदा वर करावा. तो टिकला, तर एकेक बटण चालू करीत जावे. ज्या बटणाला खटका पुन्हा पडेल, त्याच दिव्याच्या, पंख्याच्या किंवा त्याच्या तारेच्या ठिकाणी दोष आहे. ते बटण बंद ठेवून बाकीचे घर उजळता येते. परंतु सर्व बटणे बंद असतानाही खटका पडला, तर दोष भिंतीतील तारांत आहे. येथे गृहस्थाचा शोध संपतो. खटका पुनःपुन्हा वर करीत राहणे म्हणजे दोषाच्या जागी पुनःपुन्हा ठिणगी पाडणे होय.

याहून फसवा प्रकार निराळाच आहे. फ्यूज शाबूत असतो, खटकाही वर असतो, तरी दिवा लागत नाही. ‘दिवा लागत नाही, तेव्हा तेथे वीज नाही’ असा सामान्य माणूस तर्क करतो. आणि हाच तर्क जीवघेणा ठरू शकतो. दिव्याला दोन तारा असतात. फेजची तार वीज आणते आणि न्यूट्रलची तार परतीचा मार्ग पुरवते. न्यूट्रलचा सांधा मध्येच तुटला, तर प्रवाह थांबतो आणि दिवा विझतो. परंतु फेजचा २३० व्होल्टचा दाब बल्बच्या तंतूतून पलीकडे जाऊन होल्डरच्या दुसऱ्या टोकावरही उभा असतो. टेस्टर लावला, तर दोन्ही टोकांवर तो उजळतो. तेथे दिवा नाही, पण मृत्यू आहे. अंधार हा प्रवाहाच्या अभावाचा पुरावा असेल, दाबाच्या अभावाचा नव्हे.

म्हणून होल्डरला हात लावण्यापूर्वी बटण बंद करणे पुरेसे नाही. वायरिंग करताना बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेले असले, तर ते बंद असतानाही होल्डर जिवंत राहतो. मेन स्विचच बंद करावा लागतो. त्यातही एक नवी अडचण आता घरोघर आली आहे. ज्या घरात इन्व्हर्टर आहे, तेथे मेन स्विच बंद होताच इन्व्हर्टर पुरवठा गेला असे समजतो आणि दिव्यांच्या त्याच मंडलाला बॅटरीतून वीज देऊ लागतो. तेव्हा त्याचाही पुरवठा तोडल्याची खात्री व्हावयास हवी. टेस्टरवरही आंधळा विश्वास टाकू नये. भर उजेडात त्यातील लहानसा दिवा नीट दिसत नाही, आणि कोरड्या लाकडी स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात तो मंद जळतो. निदान चालू पॉइंटवर त्याची आधी परीक्षा घ्यावी.

‘फ्यूज आहे, तेव्हा भय नाही’ ही समजूतही तितकीच खोटी आहे. फ्यूज रक्षण करतो ते तारांचे, माणसाचे नव्हे. साठ वॅटच्या जुन्या बल्बमधून सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. माणसाच्या हृदयाची गती बिघडवण्यास याहून पुष्कळच कमी प्रवाह पुरतो. म्हणून जिवाच्या रक्षणासाठी बसवावयाचा गळतीरोधक स्विच ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पुरवठा तोडील असा केलेला असतो. पाच अँपिअरच्या फ्यूजला अशा गळतीचा पत्ताही लागत नाही. आणि तारांचे रक्षण तरी तो केव्हा करील? त्याची तार मंडलातील सर्वांत दुबळी असेल तेव्हाच. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते. फ्यूजमध्ये जाड तार घातली, तर वितळण्याचे काम बोर्डावरील पोर्सेलिनच्या किटकॅटमध्ये न होता भिंतीतील आवरणात होते. तेथे ते कोणास दिसत नाही. दिसते ती आगच.

म्हणून काही लक्षणे दिसताच शोधही थांबवावा, मंडल बंद करावे आणि वायरमनला बोलवावे. बोर्ड किंवा बटण हाताला गरम लागणे, जळल्याचा वास येणे, बटणातून चरचर ऐकू येणे, नळाला किंवा पंख्याच्या रेग्युलेटरला हात लागताच झिणझिण्या येणे, पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवरील बोर्ड, ही ती लक्षणे होत. इमारतीतील काही दिवे मंद व काही भलतेच प्रखर झाले, तर ते मुख्य न्यूट्रल सुटल्याचे चिन्ह असू शकते. तेव्हा क्षणाचाही विलंब न लावता मेन स्विच बंद करावा आणि वीज कंपनीला कळवावे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. खेड्यापाड्यांत वायरमन दूर असतो, त्याची मजुरी परवडत नाही, आणि जो येतो त्याच्यापाशी शासनाचे प्रमाणपत्र असतेच असे नाही. परंतु या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष ‘म्हणून स्वतःच करावे’ हा नव्हे. बिघाड कोणत्या मंडलात आहे हे ज्याने शोधून ठेवले, त्याच्या घरी वायरमनचा वेळ कमी जातो. ज्याला मंडलाचे ज्ञान आहे, तोच प्रमाणपत्र विचारू शकतो आणि जाड तार गुंडाळून जाणाऱ्याला अडवू शकतो. उरला एका रात्रीचा अंधार. तो तर कंदिलानेही सरतो.

शाळांतून ओहमचा नियम शिकवला जातो, त्याची उदाहरणे सोडवली जातात, आणि तोच विद्यार्थी घरी येऊन आपल्या बोर्डावरील कोणता खटका कोणत्या खोलीचा आहे हे सांगू शकत नाही. ही त्रुटी एका रविवारी भरून निघण्यासारखी आहे. विद्यार्थ्याने वडीलधाऱ्यांच्या देखत एकेक खटका खाली करावा, कोणते दिवे विझतात ते पाहावे, आणि तो तक्ता कागदावर लिहून बोर्डाशेजारी लावावा. तारांना स्पर्श न करता घराचे मंडल त्याला कळेल. खाली एका ओळीत आणखी इतकेच लिहावे : सर्व बटणे बंद असता खटका पडला, तर थांबावे.